विद्युत परिपथाची सातत्य चाचणी

विद्युत परिपथातील दोन बिंदूंदरम्यान धारा वाहू शकेल असा सलग मार्ग आहे की नाही, हे पाहण्याच्या प्राथमिक चाचणीस सातत्य चाचणी असे म्हणतात. वीजतंत्री व तारतंत्री यांच्या रोजच्या बोलण्यात तिला ‘कंटिन्यूटी टेस्ट’ किंवा नुसते ‘कंटिन्यूटी पाहणे’ असे नाव आहे. तुटलेली तार, उडालेला फ्यूज, निकामी स्विच, जळालेली कॉइल, सुटलेला सांधा किंवा चुकीची जोडणी शोधण्यासाठी ही चाचणी केली जाते. तपासावयाच्या भागाचा वीजपुरवठा पूर्णपणे तोडून, चाचणी साधनातील लहानशा सेलच्या बळावर ती करावयाची असते.

साधने स्वस्त आणि कृती काही सेकंदांची असल्यामुळे ही चाचणी विद्युतक्षेत्रातील सर्वांत सोपी मानली जाते. तथापि तिच्या उत्तराचा अर्थ लावणे तितके सोपे नाही. मार्ग सलग आहे एवढेच ती सांगते. तो मार्ग पूर्ण भार पेलेल काय, त्यातून धारा भलतीकडे झिरपते काय, किंवा तो मार्ग मुळात तेथे असावयास हवा होता काय, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचे आहेत. पुष्कळ अपघात आणि जळालेल्या मोटारी यांच्यामागे या प्रश्नांची गल्लत आढळते.

मूलतत्त्व

धारा वाहण्यासाठी विभवांतर आणि बंद परिपथ अशा दोन्ही गोष्टी लागतात. सातत्य चाचणीत विभवांतर साधनातील सेल पुरवतो आणि परिपथ पुरा करण्याचे काम तपासावयाच्या भागाकडे असते. त्या भागातून धारा वाहिली तर दिवा लागतो, बझर वाजतो किंवा काटा सरकतो. न वाहिल्यास कोठेतरी खंड आहे, असे मानले जाते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ठरावीक विभवांतराला वाहणारी धारा ही रोधावर अवलंबून असते. म्हणून सातत्य चाचणी ही खरे पाहता रोधाचे ढोबळ मापनच होय.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत तार जोडलेली तरी असते किंवा तुटलेली तरी. प्रत्यक्षात या दोन टोकांमध्ये बरेच काही असते. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम भरतो. त्यामुळे २० मीटर जाऊन परत येणाऱ्या जोडीचा रोध सुमारे अर्धा ओहम होतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ७५० वॅटच्या इस्त्रीची कॉइल सुमारे ७० ओहमची असते. माणसाच्या दोन हातांमधील रोध त्वचेच्या ओलाव्यानुसार शेकड्यांपासून हजारो ओहमपर्यंत बदलतो, तर धडधाकट तारेच्या विद्युतरोधी आवरणाचा रोध मेगओहममध्ये मोजावा लागतो. यांपैकी प्रत्येकातून काही ना काही धारा वाहतेच. कोणत्या रोधाखाली ‘सलग’ म्हणावयाचे, ही सीमा साधन बनवणाऱ्याने ठरविलेली असते, आणि निरनिराळ्या साधनांत ती निरनिराळी असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तारायंत्राच्या काळात शेकडो मैल लांबीच्या तारेत नेमका खंड कोठे पडला, हे शोधण्याची गरज निर्माण झाली आणि सातत्य चाचणीला शास्त्रीय रूप आले. बॅटरी आणि गॅल्व्हॅनोमीटर ही तारतपासनिसाची साधने होती.

चाचणीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा अशा दोन्ही बाजू अटलांटिक महासागराखालील तारांच्या इतिहासात दिसून येतात. १८५८ मध्ये टाकलेल्या तारेतून ऑगस्टमध्ये संदेशवहन सुरू झाले, पण काही आठवड्यांतच तार मुकी झाली. क्षीण संकेत रेटण्यासाठी वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी तिला सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचा दाब दिला होता, आणि आधीच दुबळे असलेले तिचे आवरण त्यामुळे आणखी खचले, असे मानले जाते. १८६६ मध्ये दोन तारा यशस्वीपणे कार्यान्वित झाल्यावर लॅटिमर क्लार्क यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर त्या एकमेकींना जोडून घेतल्या. मग आयर्लंडमधील व्हॅलेंशिया येथे शिवणकामाच्या टोपणात आम्लाचे काही थेंब आणि जस्ताचा तुकडा घालून केलेल्या इवल्याशा सेलवर त्यांनी समुद्रापार जाऊन परत येणारा संकेत गॅल्व्हॅनोमीटरवर पाहिला. मार्ग सलग असेल तर तो सिद्ध करण्यास एका व्होल्टच्या आसपासचा दाबही पुरतो. आवरणाची परीक्षा मात्र मोठ्या दाबाखालीच होते. आजही या दोन चाचण्या वेगळ्या साधनांनी केल्या जातात, त्याचे कारण हेच.

आवरणाच्या परीक्षेसाठी हाताने फिरवावयाच्या जनित्रावर चालणारे यंत्र इंग्लंडमधील एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने प्रचारात आणले. ‘मेगर’ हे त्याचे नाव १९०३ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि पुढे त्या प्रकारच्या सर्वच यंत्रांना लागू झाले. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापे एकाच पेटीत आणली. १९२३ मध्ये बाजारात आलेला हा ‘ॲव्होमीटर’ आजच्या मल्टीमीटरचा पूर्वज होय.

साधने

सेल व दिवा. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा लहान दिवा आणि वायरचे दोन तुकडे एवढ्यावर सातत्य चाचणी होऊ शकते. शाळेच्या प्रयोगशाळेत वाहक आणि दुर्वाहक ओळखण्यासाठी विद्यार्थी जो परिपथ जोडतात, तो हाच. दिवा पेटण्यास बरीच धारा लागत असल्याने हे साधन केवळ कमी रोधाचे मार्ग दाखविते. एका अर्थी ते बझरपेक्षा चोखंदळ ठरते, कारण सांधा खराब असेल तर दिव्याचा प्रकाश डोळ्यांदेखत मंदावतो.

मल्टीमीटर. डिजिटल मल्टीमीटरवर ध्वनिलहरींच्या चिन्हाचा एक टप्पा असतो. त्यावर कळ फिरवून दोन्ही प्रोब परस्परांना टेकविले की बझर वाजतो. रोध ठरावीक सीमेपेक्षा कमी असला की आवाज येतो. ही सीमा बहुतेक मीटरमध्ये काही दहा ओहमची असते. कोठे ३०, कोठे ७० किंवा त्याहून थोडी अधिक. मार्ग नसल्यास पडद्यावर ‘ओएल’ ही अक्षरे दिसतात, आणि स्वस्त मीटरवर डाव्या कोपऱ्यात एकटा १ दिसतो. हा १ म्हणजे एक ओहम, असा नवशिक्यांचा नेहमी समज होतो. त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘मापनापलीकडचा रोध’ असा आहे. प्रोबच्या स्वतःच्या वायरींचा रोधही ०.२ ते ०.५ ओहमपर्यंत असतो. लहान रोध मोजताना तो वजा करावा लागतो.

सिरीज दिवा. महाराष्ट्रातील मोटार-वाइंडिंगच्या आणि पंखेदुरुस्तीच्या जवळपास प्रत्येक दुकानात लाकडी फळीवर बसविलेला एक होल्डर, त्यात पिवळ्या प्रकाशाचा दिवा आणि त्यातून निघालेल्या दोन मोकळ्या वायरी दिसतात. हाच ‘सिरीज बोर्ड’ किंवा ‘टेस्ट लॅम्प’. घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा दिव्यातून जाऊन वायरींच्या टोकांवर येतो. टोके वस्तूला लावल्यावर दिवा पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट, मंद पेटला तर वाइंडिंग शाबूत, पेटलाच नाही तर ओपन, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. वस्तूमधून खरीखुरी धारा जात असल्याने हा ठोकताळा अनेकदा उपयोगी पडतो. पण इस्त्रीच्या बाबतीत तो फसतो. १०० वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. त्याच्यापुढे इस्त्रीचे ७० ओहम किरकोळ ठरतात आणि दिव्याच्या तेजात फारसा फरक दिसत नाही.

या साधनाचा धोका त्याच्या साधेपणात लपलेला आहे. मध्ये दिवा असल्यामुळे शॉक ‘हलका’ लागतो, असा एक समज दुकानांतून ऐकू येतो. तो निखालस चुकीचा आहे. न पेटलेल्या १०० वॅटच्या दिव्याचा रोध पन्नास ओहमपेक्षाही कमी असतो. शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर दोन टोके हातात आल्यास २०० मिलिअँपिअरहून अधिक धारा शरीरातून जाईल. माणसाच्या संरक्षणासाठी बसविलेले गळती-संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरलाच पुरवठा तोडतात, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी. दुसरी अडचण नव्या काळाची आहे. तंतूचे दिवे बाजारातून मागे पडत चालल्याने काही जण बोर्डवर एलईडी दिवा लावतात. एलईडी दिव्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल अत्यल्प गळतीवरही लुकलुकते, त्यामुळे ‘मंद’ आणि ‘पूर्ण’ यांतील भेद नाहीसा होतो आणि ठोकताळाच निरर्थक ठरतो.

निऑन टेस्टर. स्क्रू-ड्रायव्हरच्या आकाराचा, आत लाल-नारिंगी दिवा असणारा टेस्टर घरोघरी असतो, पण तो सातत्य तपासण्याचे साधन नव्हे. फेज जिवंत आहे का, एवढेच तो दाखवतो. त्यातील निऑन नळी पेटण्यास साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात आणि मार्ग टेस्टर धरणाऱ्याच्या शरीरातून पुरा होतो. ‘टेस्टर लागतो, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच अपुरा असतो. न्यूट्रल तार तुटलेली असली तरी फेजवर टेस्टर पेटेल, आणि उपकरण मात्र चालणार नाही. सेलवर चालणारे इलेक्ट्रॉनिक टेस्टर मागील टोकाला बोट लावले की शरीरामार्गे सातत्य दाखवितात. त्यांना इतकी कमी धारा पुरते की, ओलसर लाकूडही कधी कधी ‘सलग’ ठरते.

चाचणीपूर्वीची दक्षता

जिवंत परिपथावर मल्टीमीटरचा सातत्य किंवा ओहमचा टप्पा कधीही वापरू नये. साधनाच्या आतील मंडल जळते, आणि निकृष्ट मीटर हातातच फुटू शकतो. म्हणून आधी त्याच मीटरने व्होल्टचा टप्पा लावून पुरवठा नाही याची खात्री करतात, आणि त्याही आधी एखाद्या चालू सॉकेटवर मीटर स्वतः चालतो आहे, हे पाहून घेतात. बंद पडलेल्या मीटरचा शून्य हा आकडा अनेकांना महागात पडला आहे. लाल प्रोब १० अँपिअरच्या छिद्रात राहून गेला असेल, तर व्होल्ट पाहताना तो थेट शॉर्ट करतो. त्यामुळे छिद्रांकडे नजर टाकणे हाही या तयारीचा भाग आहे.

परिपथात कपॅसिटर असल्यास तो निर्भारित करावा लागतो. भारित कपॅसिटर साधनालाही अपाय करतो आणि हातालाही झटका देतो. तपासावयाच्या भागाचे निदान एक टोक मोकळे करणे हाही नियम आहे. तसे न केल्यास समांतर मार्गाने धारा जाऊन तुटलेला भागही सलग भासतो. उदाहरणार्थ, पंख्याला जोडलेल्या अवस्थेत कपॅसिटर तपासला, तर मीटर वाइंडिंगमधून मार्ग काढतो आणि कपॅसिटरबद्दल काहीच कळत नाही.

घरगुती उपकरणे

घरात सर्वाधिक वेळा तपासल्या जाणाऱ्या वस्तू म्हणजे फ्यूज, एक्स्टेन्शन बोर्डची वायर, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा रॉड. वायर तपासताना तिच्या प्रत्येक तारेची दोन्ही टोके पाहतात आणि वायर हलवत, वाकवत चाचणी करतात, कारण आतली तार बहुधा पिनेच्या मुळाशी तुटते आणि ठरावीक कोनात पुन्हा टेकते. आवाज तुटक येऊ लागला की दोष सापडला.

इस्त्रीबाबत बझरवर विसंबल्यास फसगत होते. ७५० वॅटच्या चांगल्या कॉइलचा रोध ७० ओहम, आणि मीटरची सीमा ३० ओहम असेल तर बझर गप्प राहतो. इस्त्री जळाली, असा निष्कर्ष काढून ती भंगारात दिली जाते. १,५०० वॅटचा रॉड सुमारे ३५ ओहमचा असतो, म्हणून तो एका मीटरवर वाजतो आणि दुसऱ्यावर वाजत नाही. अशा उपकरणांसाठी ओहमचा टप्पा लावून आकडा पाहावा लागतो. अपेक्षित आकडा काढणे अवघड नाही. व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागले की ओहम मिळतात. तापणाऱ्या कॉइलसाठी हे गणित जवळपास बरोबर येते. तंतूच्या दिव्याला ते लागू पडत नाही, कारण त्याचा थंड अवस्थेतील रोध पेटलेल्या अवस्थेच्या साधारण दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो.

कृषिपंप: मोताळा तालुक्यातील परिस्थितीचे उदाहरण

बुलढाणा–मलकापूर मार्गावरील मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस, सोयाबीन आणि मका ही या भागातील खरिपाची पिके. नळगंगा धरणाच्या कालव्यांपलीकडे असलेल्या शेतांत हरभरा, गहू अशा रब्बी पिकांची भिस्त विहिरी व कूपनलिकांवर, आणि म्हणून विजेच्या मोटारीवर असते. येथील शेतातील मांडणी पश्चिम विदर्भात सर्वत्र दिसते तशीच आहे. गावाबाहेरील ‘डीपी’, म्हणजे वितरण रोहित्रापासून, तीन फेजच्या तारा खांबांवरून येतात. विहिरीजवळ एका लोखंडी पेटीत मेन स्विच, तीन किटकॅट फ्यूज व स्टार्टर असतो, आणि तेथून केबल विहिरीत उतरते. सातत्य चाचणी चुकली तर काय घडते, हे पाहण्यास ही पेटी घरातील बोर्डापेक्षा अधिक बोलकी आहे.

मोटार नुसती घुं-घुं आवाज करते पण फिरत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तीनपैकी एक फेज गेलेला असतो. अशा स्थितीत चालू ठेवलेली मोटार उरलेल्या दोन फेजांवर जास्त धारा ओढते आणि थोड्या वेळात जळते. शेतकरी किंवा मदतीस आलेला माणूस टेस्टर काढतो आणि किटकॅटच्या मोटारीकडील तिन्ही टोकांना लावून पाहतो. स्टार्टर ओढलेला असल्यास टेस्टर तिन्हीकडे पेटतो, आणि ‘लाइन पूर्ण आहे, मोटारच बिघडली’ असा निर्णय होतो. यात टेस्टरचा दोष नाही. उडालेल्या फ्यूजच्या मोटारीकडील टोकाला उरलेल्या दोन फेजांचा दाब मोटारीच्या वाइंडिंगमधून उलटा पोहोचतो, आणि निऑनला पेटण्यास तेवढा पुरतो. खरा दोष सापडण्यासाठी मेन स्विच पाडून, तिन्ही किटकॅट बाहेर काढून, एकेकाची सातत्य चाचणी करावी लागते. एका मिनिटाच्या या कामाऐवजी विहिरीतून मोटार वर काढण्याचा खटाटोप होतो, असे पुष्कळदा घडते.

किटकॅट सलग निघाला, तरीही एक गोष्ट पाहावयाची उरते. त्यात बसविलेली तार कोणती आहे? फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार, क्वचित केबलची आख्खी वळलेली तार बांधलेली आढळते. अशा किटकॅटवर बझर अगदी खणखणीत वाजतो. सातत्य उत्तम, पण फ्यूजचे काम मात्र संपलेले. योग्य वेळी तुटणे हाच ज्याचा उपयोग, त्याचे सातत्य डोळ्यांनीही तपासावे लागते.

मोटार तपासताना स्टार्टरपासून केबलची तिन्ही टोके सोडवून दोन-दोनच्या जोड्यांनी मोजतात. पाच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटारीत प्रत्येक जोडीत काही ओहमचा रोध अपेक्षित असतो, आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असावे लागतात. मोटारीची आतील जोडणी स्टार पद्धतीची असून एका जोडीत मार्ग दिसला व उरलेल्या दोन जोड्यांत दिसला नाही, तर दोन्हींत समाईक असणारी तार संशयित ठरते. खंड केबलमध्ये आहे की वाइंडिंगमध्ये, हे वरून कळत नाही. म्हणून मोटार वर काढल्यावर आधी पाण्यातील केबलचा सांधा सोडवून तपासतात. दोष तेथे सापडला, तर रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

आतील जोडणी डेल्टा पद्धतीची असेल, तर बझर पुरता फसवतो. तीनपैकी एक वाइंडिंग तुटले तरी धारेला उरलेल्या दोघांमधून वळसा घालून जाता येते, त्यामुळे तिन्ही जोड्यांत आवाज येतो. आकडे पाहिले तरच दोष दिसतो. प्रत्येक वाइंडिंग ६ ओहमचे धरल्यास चांगल्या मोटारीत प्रत्येक जोडीत ४ ओहम येतात. एक तुटल्यावर त्या जोडीत १२ आणि उरलेल्या दोन जोड्यांत ६ ओहम दिसतात. स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणाऱ्या मोठ्या मोटारीत सहा टोके बाहेर आलेली असतात. त्यांच्या तीन जोड्या ओळखणे, हेच तेथे सातत्य चाचणीचे पहिले काम असते. जोड्या चुकवून केलेली जोडणी मोटार जाळते.

स्टार्टर दाबला असता ओढून धरत नसेल, तर त्याच्या नो-व्होल्ट कॉइलकडे वळतात. ही कॉइल शेकडो ओहमची असते. बझरवर ती नेहमीच ‘मेलेली’ भासते, आणि ओहमच्या टप्प्यावर जिवंत निघते.

यानंतरची पायरी म्हणजे प्रत्येक टोक आणि मोटारीचे धातूचे शरीर किंवा पाइप यांच्यामध्ये चाचणी. येथे सातत्य न आढळणे अपेक्षित आहे. मल्टीमीटरने सातत्य दाखविले तर मोटार बॉडीला लागली आहे, हे निश्चित. पण मीटर गप्प राहिला म्हणून मोटार निर्दोष ठरत नाही. पाणी शिरलेले वाइंडिंग किंवा भेगाळलेला सांधा मीटरच्या काही व्होल्टांपुढे धारा जाऊ देत नाही, आणि ४१५ व्होल्टांपुढे देतो. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो.

या साऱ्या तपासणीत सर्वांत मोठा धोका वेळापत्रकाचा आहे. शेतीपंपांना तीन फेजचा पुरवठा चोवीस तास नसतो; तो आलटून-पालटून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळतो. पुरवठा नसलेल्या वेळी पेटी उघडून चाचणीला बसण्याचा मोह त्यामुळे साहजिक होतो. परंतु वीज गेलेली असणे आणि पुरवठा तोडलेला असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वीज केव्हाही परत येऊ शकते, आणि पेटीत ऑटो स्विच असल्यास स्टार्टर कोणी न दाबताही मोटार सुरू होते. म्हणून वीज नसतानाही मेन स्विच पाडणे, ऑटो स्विच बंद करणे आणि तिन्ही किटकॅट काढून स्वतःजवळ ठेवणे आवश्यक असते. किटकॅट पेटीवरच ठेवले, तर दुसरा कोणी सद्भावनेने ते बसवू शकतो. रात्री, ओल्या वाफ्यात उभे राहून हे काम करणाऱ्याच्या बाबतीत या सूचनेला पर्याय नाही.

अर्थिंगचे सातत्य

मोटारीचे किंवा स्टार्टर-पेटीचे धातूचे शरीर अर्थ तारेने जमिनीशी जोडलेले असते. घरातील तीन पिनांच्या प्लगमध्ये मोठी, जाड पिन याच कामासाठी असते. बिघाड झाल्यास धारा शरीराऐवजी या मार्गाने जाऊन फ्यूज उडवते. ही तार तुटलेली असली तरी उपकरण नेहमीसारखेच चालते. म्हणून तिचा दोष कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्यासाठी मुद्दाम सातत्य चाचणी करावी लागते. जाड पिन व उपकरणाचा उघडा धातू यांच्यामधील रोध साधारणतः एक ओहमच्या आत असावा. रंगावर किंवा गंजावर प्रोब टेकविल्यास चाचणी खोटी ठरते, म्हणून जागा खरवडून घेतात.

शेतात अर्थ तार मीठ-कोळशाच्या खड्ड्यातील इलेक्ट्रोडपर्यंत सलग आहे, एवढेच या चाचणीतून कळते. इलेक्ट्रोड आणि माती यांच्यामधील रोध त्यात येत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवतीची पकड सुटते. तार सलग असूनही अर्थिंग निरुपयोगी होऊ शकते. तो रोध अर्थ टेस्टर या स्वतंत्र यंत्राने मोजतात, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतण्याची रीत याच कारणाने पडली आहे.

सलग, पण सदोष

सातत्य चाचणीतून सहज निसटणारा दोष म्हणजे ढिला सांधा. स्क्रू नीट न आवळलेल्या किंवा काजळलेल्या टोकावर एक ओहमचा रोध निर्माण झाला, असे समजू. बझर वाजेल, ७० ओहमच्या कॉइलसह मोजल्यास आकड्यातही फरक जाणवणार नाही. पण त्या सांध्यातून १० अँपिअर धारा गेली, की तेथे १०० वॅट उष्णता निर्माण होते. शंभर वॅटचा दिवा स्विचच्या प्लास्टिक डबीत कोंडून ठेवावा, तसा हा प्रकार. प्लास्टिक पिवळे पडते, वितळते, आणि क्वचित आग लागते. पॉकेट मल्टीमीटर सातत्य पाहताना जेमतेम मिलिअँपिअरभर धारा सोडतो. सांध्याची परीक्षा त्याने होत नाही. तशीच गोष्ट अनेक बारीक तारांच्या वायरीची. १.५ चौरस मिलिमीटरच्या नरम वायरीत ०.३ मिलिमीटर जाडीच्या २२ तारा असतात, आणि त्यांतील २१ तुटून एकच उरली तरी मीटर ‘सलग’ म्हणतो.

असे दोष भार चालू असताना सांध्याच्या दोन बाजूंमधील व्होल्ट मोजून किंवा नंतर पुरवठा तोडून सांध्याचा गरमपणा पाहून ओळखतात. जिवंत परिपथावरील पहिले मापन प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाचे असते.

मानके व नियम

संरक्षक वाहकांच्या सातत्याची चाचणी निर्भार अवस्थेत ४ ते २४ व्होल्ट दाब असणाऱ्या आणि किमान ०.२ अँपिअर धारा देऊ शकणाऱ्या साधनाने करावी, असे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे मानक सुचविते. खिशातला मल्टीमीटर ही अट पुरी करत नाही. इमारतींच्या तपासणीसाठी वेगळे कमी-रोध मापक असतात. भारतात इमारतींतील वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. कमी दाबाच्या मांडणीचा आवरण-रोध ५०० व्होल्टखाली किमान १ मेगओहम असावा, ही अटही प्रचलित आहे. नवीन वायरिंगचे व त्यातील मोठ्या फेरबदलांचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते, आणि जोडणी मागताना त्याने दिलेला चाचणी अहवाल सादर करावा लागतो. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वीजतंत्री व तारतंत्री या अभ्यासक्रमांत सातत्य चाचणी हे सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांपैकी एक असते, आणि मेगर तसेच अर्थ टेस्टर यांची प्रात्यक्षिकेही त्याच अभ्यासक्रमात येतात.